डांगरी, डंगरी आणि डोंगरी : एका कापडी शब्दाचा माग

तापीकाठ (चोपडा)

सर्वांना सस्नेह नमस्कार.

गेल्या आठवड्यात नातीच्या वाढदिवसाच्या खरेदीसाठी जळगावच्या फुले मार्केटमध्ये गेलो होतो. नात नऊ वर्षांची आहे आणि तिला 'डंगरी' हवी होती. दुकानदाराने छातीवर चौकोनी पट्टा आणि खांद्यांवरून येणारे दोन बंद असलेली एक निळी विजार काढून दाखवली, तेव्हा मी नकळत बोलून गेलो की ही कसली डंगरी, डांगरी तर आमचे दादा घालत असत. आमचे वडील, ज्यांना आम्ही सारी भावंडे दादा म्हणत असू, भुसावळच्या रेल्वे शेडमध्ये फिटर होते, आणि कामावर जाताना ते गळ्यापासून घोट्यापर्यंतचा जो एकसंध निळा पोशाख अंगावर चढवीत, त्याला आमच्या घरात डांगरी म्हणत. आई ती सोड्याच्या पाण्यात उकळून धूत असे, तरीही दारामागच्या खुंटीला तेलाचा वास कायमचा चिकटलेला होता.

आता एक कबुली. मी मराठी आणि इंग्रजी हे दोन्ही विषय शाळेत शिकवले. नोकरीच्या पहिल्याच वर्षी, नव्या विद्येच्या भरात, मी दादांना सांगितले होते की हा मूळचा इंग्रजी शब्द असून त्याचा शुद्ध उच्चार 'डंगरी' असा आहे. ते "बरं" म्हणाले आणि अखेरपर्यंत डांगरीच म्हणत राहिले.

परवा दुकानातून परत येताना एसटीत विचार करत बसलो, तेव्हा लक्षात आले की तो शब्द इंग्रजीत आला कोठून, हे मी स्वतः कधी पाहिलेच नव्हते. शब्द पोशाखाचा की कापडाचा, तो इंग्रजांचा की आपला, आणि दादांची शेडमधली डांगरी व नातीची डंगरी या एकाच कुळातल्या आहेत की केवळ नामसादृश्य आहे, हे जाणकारांनी उलगडून सांगावे अशी विनंती आहे.

सातपुडा (शिरपूर)

तापीकाठ सर, धागा फार आवडला. माझ्या मते या शब्दाचे मूळ आपल्या शेजारीच आहे. नवापूरच्या पलीकडे डांग आहे. तिथले लोक डांगी, जनावरे डांगी, बोली डांगी, तेव्हा तिथल्या लोकांचे जाडेभरडे कापड ते डांगरी, असे म्हणण्यास काय हरकत आहे? आपल्या वडिलांचा उच्चार 'डांगरी' असाच होता, ही गोष्टही याला पुष्टी देते.

शब्दमाग (धुळे)

सातपुडा, आपली उपपत्ती ऐकायला गोड आहे, पण ती टिकणारी नाही. कारण सांगण्याआधी मूळ प्रश्नाचे उत्तर देतो.

इंग्रजीतला हा शब्द पोशाखाचा नव्हे, तर कापडाचा होता, आणि तो भारतातून गेलेला आहे, याविषयी कोशकारांत मतभेद नाही. हिंदीत 'डुंगरी' म्हणजे एक जाड, हलक्या प्रतीचे सुती कापड, अशी नोंद जॉन प्लॅट्स यांच्या उर्दू-हिंदी-इंग्रजी कोशात आहे. अँग्लो-इंडियन शब्दांचा जो प्रसिद्ध कोश हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी १८८६ मध्ये प्रसिद्ध केला, त्या 'हॉब्सन-जॉब्सन'मध्ये या शब्दाला स्वतंत्र जागा मिळाली आहे. मौजेची गोष्ट अशी की आपल्याला माहीत असलेल्या कोणत्याही कोशात हा शब्द सापडत नाही, अशी कबुली त्या दोघांनी देऊन ठेवली होती; प्लॅट्सचा दाखला विल्यम क्रुक यांनी १९०३ च्या आवृत्तीत मागाहून जोडला.

याच कोशाने जुने उल्लेख तारीखवार दिले आहेत आणि आपल्या कामाचे तेच आहेत. त्यांतला पहिला १६१३ सालचा. ईस्ट इंडिया कंपनीचा कप्तान जॉन सॅरिस त्या वर्षी जपानच्या वाटेवर असताना आजच्या इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांवर लवंगांच्या बदल्यात भारतीय कापड विकत होता. कोणत्या कापडाच्या मोबदल्यात किती लवंग मिळते याची यादी त्याने लिहून ठेवली आहे, आणि त्या यादीत 'डोंगेरिन्स' असे एक नाव येते. दुसरा उल्लेख डॉक्टर जॉन फ्रायर या प्रवाशाचा, १६७३ चा. किनाऱ्यावर कोठे काय मिळते हे सांगताना तो म्हणतो की कारवार हे डंगरी कापड आणि वजनदार मिरी यांसाठी आहे. त्यानंतर एकोणिसाव्या शतकात मिलबर्न याच्या व्यापारविषयक ग्रंथात, जहाजावर एका टनाच्या जागेत या कापडाचे किती तागे धरावेत, याच्या हिशेबातही हा शब्द भेटतो. म्हणजे दोनशे वर्षे हा शब्द गोदामाच्या वहीत आणि जहाजाच्या पोटात राहिला. अंगावर चढला तो फार उशिरा.

आता डांगविषयी. सर्वांत जुन्या नोंदीत पहिल्या अक्षराला 'ओ' आहे, 'आ' नाही. तापीकाठ यांच्या वडिलांच्या तोंडचा 'आ' हा विसाव्या शतकातल्या कारखान्यातला आहे, आणि त्यावरून सतराव्या शतकातले मूळ शोधणे म्हणजे नातवाच्या मिशीवरून पणजोबाची ओळख पटवणे आहे.

भुसावळ जंक्शन

'डांगरी' हा उच्चार केवळ तापीकाठ यांच्या घरापुरता नाही, हे नोंदवतो. आमच्या सगळ्या रेल्वे कॉलनीत तो तसाच होता, आणि कारखान्यांत काम करणारी हिंदी भाषक मंडळीही 'डांगरी'च म्हणत. खानदेशात डांगर म्हणजे लाल भोपळा, त्यामुळे लहानपणी आम्हाला वाटे की ती घातल्यावर माणूस डांगरासारखा गोल दिसतो म्हणून डांगरी. ही व्युत्पत्ती शब्दमाग यांच्या पसंतीस उतरणार नाही याची कल्पना आहे.

शब्दमाग (धुळे)

भुसावळ जंक्शन, ती सातपुडा यांच्या व्युत्पत्तीपेक्षा वाईट मुळीच नाही.

तापीकाठ (चोपडा)

शब्दमाग, आभार. कापडाचे नाव होते हे समजले, परंतु कापडाला ते नाव का पडले? मुंबईच्या डोंगरी भागावरून पडले असे मी कोठेतरी वाचल्याचे स्मरते. टिळक आणि आगरकर यांनी १८८२ मध्ये ज्या तुरुंगात एकशे एक दिवस काढले, तीच ही डोंगरी ना?

शब्दमाग (धुळे)

होय, तीच. मुंबई सात बेटांची होती त्या काळी पूर्व किनाऱ्याजवळ एक लहानशी टेकडी होती, तिच्यावरून त्या वस्तीला डोंगरी म्हणत. १६८९ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीने मुंबईला वेढा घातला, तेव्हा त्याच्या तोफा याच टेकडीवर चढल्या होत्या. पुढे तिथला जुना किल्ला शत्रूच्या हाती गेला तर मुख्य कोटाला धोका, या विचाराने इंग्रजांनी तो पाडला आणि १७६९ च्या सुमारास फोर्ट जॉर्ज उभारला.

बहुतेक इंग्रजी कोश कापडाचे नाव या वस्तीशी जोडतात. तिथे हे कापड विकले जाई म्हणून त्याचे नाव डोंगरी, अशी ती मांडणी आहे. कापडाला गावाचे नाव पडणे ही मुळीच आश्चर्याची गोष्ट नाही. कालिकतवरून इंग्रजीत 'कॅलिको' झाले. नरसापूरजवळच्या माधवपालेमवरून 'मॅडापोलम' झाले, आणि आपला मादरपाट, ज्याला पुढे लोकांनी मांजरपाट करून टाकले, तो त्याचाच भाऊबंद असावा असे मला वाटते. फ्रान्समधल्या नीम या गावावरून डेनिम आणि इटलीतल्या जेनोआवरून जीन, अशी कथा आजच्या निळ्या विजारींचीही सांगतात. त्या रांगेत डोंगरीला उभे करण्यात काही अडचण नाही.

नदीपार (नवापूर)

अडचण आहे, आणि ती मी मांडतो.

शब्दमाग यांनीच दिलेल्या दाखल्यांकडे पुन्हा पाहावे. १६१३ मध्ये मुंबई पोर्तुगीजांकडे होती. ती इंग्रजांच्या राजाला देण्याचा करार १६६१ मधला, आणि कंपनीच्या ताब्यात ती १६६८ मध्ये आली. सॅरिस मुंबईत कापड घेत नव्हता. आपण विकतो ते कापड गुजरातेतल्या खंबायतचे आणि पूर्वेकडच्या कोरोमंडल किनाऱ्याचे, असे तो स्वतःच सांगतो. फ्रायर तर या कापडाचा संबंध कारवारशी जोडतो. मग डोंगरीच्या बाजाराचा पुरावा कोठे उरला? शिवाय त्या यादीत 'डोंगेरिन्स'पैकी उत्तमातले उत्तम, असाही प्रकार आहे. हलक्या कापडात उत्तम प्रकार असतो हे मान्य, परंतु पुढे या शब्दाला जो गरिबीचा वास चिकटला, तो त्या काळी अजून चिकटलेला दिसत नाही.

माझा मुद्दा असा आहे की 'डोंगर' हा शब्द मुंबईची मिरास नव्हे. आमच्या नवापूर-नंदुरबार पट्ट्यात बाजारात एका वाक्यात मराठी आणि दुसऱ्यात गुजराती ऐकू येते. गुजरातीत डोंगराला 'डुंगर' म्हणतात, आणि राजस्थानात तर त्या नावाचे डुंगरपूर हे गाव आणि संस्थानही होते. खंबायतच्या कापडाचे नाव 'डुंगरी' असेल, तर ते डोंगराळ मुलखातल्या कोणत्याही पेठेचे असू शकते. ज्या सुरत-बऱ्हाणपूर रस्त्याने बऱ्हाणपूरचे कापड बंदराकडे जात असे, तो नवापूर आणि नंदुरबारवरूनच होता. ताव्हेर्निये हा फ्रेंच प्रवासी याच रस्त्याने गेला आणि नवापूरच्या तांदळाला कस्तुरीसारखा सुगंध असतो असे लिहून गेला. खानदेशच्या वाटेवरचे कापड, खानदेशच्या शेजारचा शब्द, आणि श्रेय मात्र मुंबईला!

सातपुडा (शिरपूर)

नदीपार यांना माझा पूर्ण पाठिंबा आहे. डांग नाही तर नाही, पण सातपुड्याचा डोंगर तरी सोडू नये.

शब्दमाग (धुळे)

नदीपार यांचा आक्षेप योग्य आहे, आणि त्याला मी दोन भागांत उत्तर देतो, कारण त्यांतला एक भाग मी मान्य करणार आहे.

कापड एका ठिकाणी मिळते आणि नाव दुसऱ्या ठिकाणचे असते, म्हणून नाव खोटे ठरत नाही. आपल्याकडच्या लग्नातली पैठणी कोठून येते? येवल्याहून. येवल्यात विणली म्हणून तिला कोणी येवली म्हणत नाही, आणि पैठणहून आली नाही म्हणून नवरीकडचे रुसत नाहीत. नाव एकदा कापडाच्या जातीला लागले की ते गावापासून सुटते. फ्रायर कारवारच्या संदर्भात हा शब्द वापरतो तेव्हा एवढेच सिद्ध होते की १६७३ पर्यंत तो जातिवाचक झालेला होता. डोंगरीच्या बाजूने हा पुरावा नाही, तसाच तिच्याविरुद्धही नाही.

मान्य करण्याचा भाग असा की सॅरिसचे कापड खंबायतचे असेल, तर इतक्या लवकर, मुंबई एक मोठी पेठ होण्याच्या कितीतरी आधी, डोंगरीचे नाव जगभर फिरावे, हे गृहीत धरणे जड जाते. कोशांतली डोंगरीची हकीकत मी म्हणूनच 'परंपरा' म्हणून सांगतो, 'खरेदीखत' म्हणून नव्हे.

परंतु 'ओ' आणि 'उ' यांच्या बाबतीत नदीपार यांनी घाई केली आहे. जुनी नोंद 'डोंगेरिन्स' अशी, म्हणजे मराठी 'डोंगर'च्या जवळची आहे. 'डंगरी' हे रूप साठ वर्षांनंतरचे. इंग्रज लेखक त्या काळी आपल्या 'अ'साठी 'यू' हे अक्षर वापरत, पंजाब आणि कलकत्ता ही नावे त्यांनी तशीच लिहिली, आणि 'उ'साठीही बहुधा तेच अक्षर येई, त्यामुळे फ्रायरच्या लेखनावरून त्याच्या कानावर 'डंगरी' पडले की 'डुंगरी' हे ठरत नाही. इतके मात्र म्हणता येते की मुळात 'डोंगर-डुंगर' या शब्दकुळातले विशेषण आहे, आणि ते कुळ मराठी, गुजराती, हिंदी अशा सर्वांच्या सामाईक वाड्यातले आहे.

राजवाड्यांच्या या गावात बसून एवढी सावधगिरी पाळलीच पाहिजे. १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच देह ठेवणाऱ्या इतिहासाचार्यांनी गावांच्या आणि धातूंच्या व्युत्पत्ती शोधण्यात आयुष्य घातले, आणि त्यांच्या अनेक व्युत्पत्ती पुढच्यांनी नाकारल्या. त्यांच्यासारख्यांचे चुकते, तर आपण सातपुड्याच्या मालकीहक्कासाठी इतके उतावीळ होऊ नये.

रुईगाठ (जळगाव)

शब्दांचे मला फारसे कळत नाही, पण आमच्या घरात दोन पिढ्या जिनिंगचा, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई करण्याचा, व्यवसाय आहे, त्यामुळे कापडाविषयी लिहितो. हे कापड जाडे का होते, हा प्रश्न अजून कोणी विचारलेला नाही.

आपल्याकडची जुनी देशी कपाशी आखूड धाग्याची होती. आखूड तंतूला पीळ देऊन बारीक सूत काढू गेले तर ते तुटते, म्हणून त्यापासून जाडच सूत निघते, आणि जाड सुताचे कापडही जाडेभरडे होते. सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात आठशे चाळीस वारांच्या किती लड्या बसतात तो आकडा. दहा-बारा नंबरचे सूत म्हणजे हाताला दोरीसारखे लागणारे, साठ-ऐंशीचे म्हणजे धोतरजोडीचे. डंगरीचे कापड या शिडीच्या खालच्या पायऱ्यांवरचे. ते बहुधा साध्या विणीचे असे, म्हणजे एक धागा वर, एक खाली. कोरेच विकले जाई, किंवा निळीत बुडवून. स्वस्त, घट्ट, आणि धुतले की मऊ पडणारे, म्हणून शिडाला, तंबूला आणि कष्टकऱ्याच्या अंगाला चाले.

डेनिम हे त्याच्यापेक्षा निराळे आहे, आणि हा फरक दुकानदारही सांगत नाहीत. डेनिमची वीण तिरकस असते. त्यात ताण्याचे, म्हणजे उभे, धागे आधी निळीत रंगवतात आणि बाण्याचे, म्हणजे आडवे, पांढरे ठेवतात. म्हणून कापड उलटून पाहिले की आतली बाजू पांढुरकी दिसते, आणि घासले जाईल तिथे बाहेरूनही पांढरे पडते. तापीकाठ सर, आपल्या दादांची डांगरी अजून जपून ठेवलेली असेल तर ती उलटी करून पाहावी. आत पांढरे आणि तिरप्या रेघा असतील तर डेनिम, दोन्हीकडे निळे आणि रेघ नसेल तर जुन्या अर्थाने डंगरी.

खानदेशाचा संबंध हवाच असेल तर तो मूळ शब्दात शोधण्यापेक्षा नंतरच्या काळात शोधावा. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवीच्या वर्षांत तिकडचा कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा भाव कडाडले आणि खानदेशात कपाशीचे क्षेत्र वाढले. रेल्वेने रुईच्या गाठी मुंबईला जाऊ लागल्या, आणि त्याच रेल्वेने गिरणीचे कापड आमच्या पेठेत येऊ लागले. साळी आणि कोष्टी यांच्या मागाला त्या कापडाने मागे टाकले. पुढे जळगावला आणि अमळनेरला गिरण्या निघाल्या, परंतु तोवर डंगरी हे कापड न राहता विजार झालेली होती.

गिरणगल्ली (अमळनेर)

रुईगाठ यांनी अमळनेरचे नाव काढले म्हणून राहवत नाही. प्रताप शेठजींची गिरणी, तिचा भोंगा आणि त्या भोंग्यावर लावलेली गावाची घड्याळे, यांवर स्वतंत्र धागा व्हायला हवा. ज्या शेठजींनी कापडाची गिरणी चालवली, त्यांनीच तत्त्वज्ञान मंदिरही काढले, असे गाव दुसरे दाखवावे. विषयांतराबद्दल क्षमस्व.

काठापदर (पुणे, मूळची पारोळ्याची)

कापड अंगावरचा पोशाख कसे झाले, हा दुवा अजून कोणी पूर्ण सांगितलेला नाही, म्हणून लिहिते.

इंग्रजीत पुष्कळ ठिकाणी असे घडले आहे की कापडाचे नाव अनेकवचनी झाले आणि तेच कपड्याचे नाव ठरले. जीन हे कापड, जीन्स ही विजार. फ्लॅनेल कापड, फ्लॅनेल्स विजारी. डंगरीचेही तसेच झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कापडाच्या कामाच्या विजारींना अनेकवचनी डंगरीज म्हणू लागले. तिथून वाटा फुटल्या. अमेरिकेत पुष्कळ वर्षे डंगरीज म्हणजे साधी निळी जीन, आणि त्यांच्या नौदलातल्या खलाशांचा कामाचा गणवेशही याच नावाने ओळखला जाई. ब्रिटनमध्ये मात्र छातीपट्टा आणि खांदेबंद असलेली विजार, हाच अर्थ स्थिरावला. नातीची डंगरी ही ब्रिटिश अर्थाची आहे. भुसावळच्या शेडमधला बाह्यांचा एकसंध पोशाख, ज्याला इंग्रजीत बॉयलर सूट म्हणतात, तो भारतातल्या कारखान्यांनी आणि फौजांनी त्या शब्दाला दिलेला आणखी एक अर्थ आहे.

ऑस्ट्रेलियातला दाखला मला फार बोलका वाटतो. न्यू साउथ वेल्समध्ये सुरुवातीच्या काळात हातावर पोट असलेले जे लहान शेतकरी होते, त्यांना 'डंगरी सेटलर्स' म्हणत, कारण भारतातून येणारे हे निळे, स्वस्त कापड त्यांच्या अंगावर असे. पुढे पहिल्या महायुद्धात, १९१५ च्या अखेरीस, क्वीन्सलँडमधून सैन्यभरतीसाठी जो पायी मोर्चा ब्रिस्बेनला गेला, त्याचेही नाव 'डंगरीज' असेच पडले. म्हणजे डोंगराचा शब्द समुद्र ओलांडून गेला आणि तिथे माणसांच्या एका वर्गाचे नाव होऊन बसला.

आपल्याकडेही या कापडाची किंमत लोकांच्या जिभेवर होती. बार्टल फ्रिअर या गव्हर्नरांच्या मुलीने, मेरी फ्रिअर यांनी, १८६८ मध्ये दख्खनमधल्या लोककथा प्रसिद्ध केल्या. कथा सांगणाऱ्या आयेने स्वतःच्या आयुष्याविषयी जे सांगितले तेही त्यात आहे, आणि तिथे ती महागाईची तक्रार करते की आज ज्या डंगरीला वाराला अर्धा रुपया पडतो, ती पूर्वी रुपयाला वीस ते चाळीस वार मिळत असे. गव्हर्नरांच्या घरातल्या नोकर बाईने महागाई मोजायला रेशीम निवडले नाही, डंगरी निवडली.

नदीपार (नवापूर)

काठापदर, आयेचा दाखला उत्तम आहे. मात्र तिची हकीकत इंग्रजीत लिहून घेतलेली आहे, त्यामुळे डंगरी हा शब्द तिच्या तोंडचा की मेरीबाईंच्या लेखणीचा, हे सांगता येत नाही, इतकेच नोंदवतो.

शब्दमाग यांच्या 'ओ'च्या मुद्द्याला उत्तर द्यायचे तर एकाच नोंदीतल्या एका अक्षरावर, तेही सतराव्या शतकातल्या इंग्रजी लेखनातल्या, किती भार टाकावा? त्या काळी तेच गृहस्थ एकच नाव एका पानावर तीन प्रकारे लिहीत असत. तरीही 'सामाईक वाडा' मला मान्य आहे. मालकी सिद्ध होत नसेल तर निदान भाडेपट्टी समान असावी.

शब्दमाग (धुळे)

मान्य.

शिवणटीप (धुळे)

मी आग्रा रोडला शिवणकाम करतो. एवढ्या विद्वान मंडळींत लिहायला संकोच वाटतो, पण एक शब्द द्यायचा आहे. डंगरीच्या खांद्यावरच्या बंदांना आम्ही कारागीर 'गॅलिस' म्हणतो. आमच्या उस्तादांच्या तोंडी हाच शब्द होता. लहान मुलांच्या चड्डीला पूर्वी मागे फुली करून दोन पट्टे लावत, त्यालाही गॅलिसच म्हणत. दुकानात येणाऱ्या शिकलेल्या मुली 'स्ट्रॅप' म्हणतात आणि आमच्या शब्दाला हसतात. हा शब्द कोणाचा?

काठापदर (पुणे, मूळची पारोळ्याची)

शिवणटीप दादा, हसणाऱ्यांनाच शब्दकोश दाखवावा. इंग्रजीत, विशेषतः स्कॉटलंडकडच्या आणि अमेरिकेतल्या बोलीत, विजार खांद्यावर तोलून धरणाऱ्या पट्ट्यांना 'गॅलस' आणि अनेकवचनी 'गॅलसेस' म्हणतात. त्याचे मूळ फाशीच्या खांबाच्या नावात आहे. विजार ज्याला टांगली ते गॅलस. तुमच्या उस्तादांनी तो जुना शब्द जपून ठेवला, आणि 'स्ट्रॅप' म्हणणाऱ्यांना तो माहीतच नाही.

भुसावळ जंक्शन

म्हणजे डंगरीत कापडाचे नाव इथून तिकडे गेलेले आणि पट्ट्याचे नाव तिकडून इथे आलेले. आमच्या जंक्शनवर अप आणि डाऊन गाड्यांची गाठ पडते, तसेच हे झाले.

तापीकाठ (चोपडा)

सर्वांचा ऋणी आहे. रुईगाठ यांनी सांगितल्याप्रमाणे काल माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवली. दादांची एक डांगरी आईने राखून ठेवली होती, हे मला माहीत होते, पण ती गेल्यानंतर पेटी कोणी उघडली नव्हती. कापूरगोळ्यांचा वास आहे, तेलाचा नाही. कापड दोन्ही बाजूंनी सारखेच निळे आहे, मात्र भिंगाने पाहिले तर तिरप्या रेघा स्पष्ट दिसतात. तेव्हा रुईगाठ यांच्या दोन्ही कसोट्यांपैकी एकेक अर्धीच लागू पडते. हे कोणते कापड म्हणावे?

आणि दादांना जे सुधारले होते त्याविषयी. त्यांचा शब्द रेल्वेच्या इंग्रजीतून आला, त्या इंग्रजीत तो आपल्याकडून गेला, आणि मी मधल्याच एका स्थानकावर उतरून त्याला मूळ गाव समजून बसलो. ते "बरं" म्हणाले होते, त्यात किती समजूतदारपणा होता कोण जाणे.

नातीने पेटी उघडलेली पाहिली आणि फुले मार्केटमधली परत करून हीच आपल्या मापाची करून द्या, असा हट्ट धरला आहे.

रुईगाठ (जळगाव)

सर, ते ड्रिल आहे. तिरकस विणीचे कापड आधी कोरे विणायचे आणि नंतर अख्खा तागा रंगात बुडवायचा, म्हणून दोन्ही बाजू सारख्या. शेड-कारखान्यांच्या गणवेशाला ते फार चाले. म्हणजे आपल्या घरची डांगरी जुन्या अर्थाने डंगरीही नाही आणि डेनिमही नाही.

शिवणटीप (धुळे)

सर, घेऊन या. पाठीकडचे आणि कोपरांचे कापड विरलेले असणार, ते काढून टाकावे लागेल. पायांच्या भागातून नऊ वर्षांच्या मुलीची विजार आणि छातीपट्टा सहज निघेल. गॅलिस बाह्यांतून काढीन. खिसा मूळचाच ठेवायचा का, तेवढे आधी कळवा, म्हणजे उसवताना जपता येईल.